दाढ काढली, अँटिबायोटिक दिलंच नाही : चिंचवडच्या एका डेंटल क्लिनिकचा अनुभव (साडेचार स्टार)

दाढ काढून घरी आले तेव्हा तोंडात गॉजचा बोळा दाबलेला, अर्धा जबडा बधिर, बोलायची सोय नाही, आणि सासूबाईंनी माझ्या हातातला कागद घेतला, उलटापालटा करून बघितला आणि म्हणाल्या, "एवढंच? अँटिबायोटिक कुठंय? पैसे तरी कमी घेतले का?" मी मान हलवली. पैसे पूर्ण घेतले होते.

कागदावर औषधं दोनच. आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल, खाल्ल्यानंतर, दुखेल तितकेच दिवस. खाली लिहिलेलं की उद्यापासून मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, आज नाही. आणि त्याच्या खाली चक्क मराठीत, वाचता येईल अशा अक्षरात, कधी फोन करायचा ते. ताप आला तर, तोंड उघडेनासं झालं तर, सूज तिसऱ्या दिवसानंतर कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेली तर, जबड्याखाली किंवा गळ्याकडे सूज उतरली किंवा गिळायला-श्वास घ्यायला त्रास झाला तर थांबू नका, रात्र असली तरी सरळ हॉस्पिटल गाठा. बस. संपला कागद.

हा रिव्ह्यू लिहायला मुद्दाम दोन महिने लावले. म्हटलं आज पाच स्टार द्यायचे आणि उद्या गाल भोपळ्याएवढा घेऊन बसायचं, त्यापेक्षा आधी भरून येऊ दे. आता भरलंय, माझंही आणि माझ्या सासऱ्यांचंही, कारण माझ्यानंतर त्यांचाही दात इथेच काढला आणि खरं सांगायचं तर या क्लिनिकवर माझा विश्वास बसला तो त्यांच्या वेळी.

पण आधी २०१९ सालची गोष्ट सांगते म्हणजे मी एवढी का लिहितेय ते कळेल. तेव्हा माझी खालची अक्कलदाढ काढली होती, दुसऱ्या क्लिनिकमध्ये, नाव घेत नाही कारण मला भांडण करायचं नाहीये आणि हात तर त्यांचाही चांगलाच होता, दाढ व्यवस्थित काढली. पण बाहेर पडताना जो कागद मिळाला त्यावर सात औषधं होती. ती अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिकची मोठी पांढरी गोळी, जिला सगळे नुसतं 'सिक्स ट्वेन्टी फाइव्ह' म्हणतात. मेट्रोनिडाझोल दिवसातून तीनदा. सूज उतरायची गोळी, पेनकिलर घातलेली. अ‍ॅसिडिटीची गोळी कारण बाकीच्या गोळ्या गरम पडतात. पोट बिघडू नये म्हणून प्रोबायोटिक कॅप्सूल. बी कॉम्प्लेक्स, का ते देव जाणे. आणि लाल माउथवॉश. मेडिकलवाल्याने खाकी पिशवीत भरून दिलं सगळं, भाजी आणल्यासारखं.

पाच दिवसांचा कोर्स. दुसऱ्या दिवशी तोंडात जुनं पाच पैशाचं नाणं धरून ठेवल्यासारखी चव, ती मेट्रोनिडाझोलची, चहा पण लोखंडासारखा लागायचा. तिसऱ्या दिवशी जुलाब. प्रोबायोटिक कुठे गेलं होतं काय माहीत. मुलीच्या शाळेच्या गॅदरिंगला मी अर्धा वेळ बाथरूममध्ये होते. आणि एवढं सगळं गिळत असतानाच तिसऱ्या दिवशी रात्री ठणका सुरू झाला, तो पण दाढेच्या जागी नुसता नाही, कानापर्यंत, कानशिलापर्यंत, आणि तोंडाला असा वास की मलाच मळमळायला लागलं. परत गेले. तर काय केलं, अँटिबायोटिक बदललं. "हे स्ट्राँग आहे, याने नक्की फरक पडेल." पडला नाही. अजून दोन रात्री डोक्याला ओढणी बांधून बसून काढल्या. शेवटी नणंदेच्या ओळखीच्या एका डॉक्टरकडे गेले, त्यांनी आत बघितलं, म्हणाले ड्राय सॉकेट आहे, खड्डा सलाइनने धुतला, लवंगेच्या तेलाच्या वासाची एक पट्टी आत बसवली आणि खोटं वाटेल पण अर्ध्या तासात मी रिक्षात झोपले.

तेव्हा मला कळलं नव्हतं, आता कळलंय, की ड्राय सॉकेट हे मुळात इन्फेक्शन नसतंच. दात काढल्यावर खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते, ती म्हणजे आतल्या हाडावरचं झाकण, ती निघून गेली किंवा विरघळली की हाड उघडं पडतं आणि मग ते दुखतं. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात. खालच्या अक्कलदाढेला जास्त होतं, सिगरेट ओढणाऱ्यांना जास्त होतं. त्याला उपाय खड्डा धुणं, पट्टी घालणं आणि पेनकिलर. अँटिबायोटिक त्या उघड्या हाडाला काय करणार? मी दोन कोर्स खाल्ले त्याच्यासाठी.

तर आता यावेळचं. डिसेंबरात लोणावळ्याची चिक्की खाताना उजवीकडची खालची दाढ कटकन वाजली. ही नऊ वर्षांपूर्वी रूट कॅनाल करून कॅप बसवलेली. महिनाभर दुसऱ्या बाजूने खाऊन दिवस काढले (आपण सगळे असंच करतो) आणि मग हिरडीवर छोटीशी पुळी आली तेव्हा ऑफिसातल्या मैत्रिणीने हे क्लिनिक सुचवलं. झेरॉक्सच्या दुकानावर दुसरा मजला. लिफ्ट नाही, हे लक्षात ठेवा, पुढे त्यावर बोलणारे. अपॉइंटमेंट साडेसहाची, आत घेतलं सात वीसला. बाहेर टीव्ही लावलेला, आवाज बंद, क्रिकेट चालू, दोन आजोबा आवाज बंद असूनही कॉमेंट्री करत होते.

एक्स-रे काढला, मुळालाच उभी चीर गेलेली, म्हणजे वाचवायला काही नाही, काढावीच लागेल. हे डॉक्टर मॅडमनी स्क्रीनवर दाखवलं, बोट ठेवून. आणि मग हात लावायच्या आधी दहा मिनिटं नुसते प्रश्न. शुगर आहे का, असेल तर तीन महिन्यांची सरासरी किती. हार्टचं काही, झडप बदललेली आहे का, लहानपणापासून हृदयाचा दोष आहे का. रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे का. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून गोळी किंवा वर्षातून एकदा घ्यायचं इंजेक्शन घेतलंय का. कॅन्सर, किमो, स्टिरॉइड, किडनी. कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी. गरोदर आहात का. मी सगळ्याला नाही म्हटलं आणि मनात म्हटलं आता आवरा, भूक लागलीय. नंतर कळलं की अँटिबायोटिक लागणार की नाही याचा निम्मा निकाल त्या दहा मिनिटांतच लागलेला असतो.

दाढ काढणं यावर फार लिहिण्यासारखं नाही. भुलेचं इंजेक्शन टोचलं, दहा मिनिटं थांबले, मग "दुखणार नाही पण दाब जाणवेल, दुखलं तर डावा हात वर करा" असं म्हणून सुरू केलं. चीर गेलेली असल्यामुळे दोन तुकड्यांत निघाली. करकर आवाज आला तेवढा वाईट. पंचवीस मिनिटं. नंतर ट्रेमध्ये ठेवून दाखवली, त्या चिरेतून काळी रेघ गेलेली, बघून वाटलं एवढीशी ही आणि महिनाभर नाचवलं मला.

मग मी तोंडात बोळा असल्यामुळे मोबाइलवर टाइप करून विचारलं, अँटिबायोटिक? मॅडमनी वाचलं आणि विचारलं, "कशासाठी?"

आता याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. कशासाठी म्हणजे काय, देतातच की. तर त्यांनी खुर्ची ओढली आणि सांगितलं. दुखण्यासाठी ही गोळी नाहीच, दुखणं पेनकिलरने जातं. उद्या-परवा सूज येईल ती जखमेची सूज आहे, पाय मुरगळल्यावर येते तशी, तिला अँटिबायोटिक कळत नाही. पुळी होती ती त्या दाताच्या चिरेमुळे होती, दातच काढला, घाण साफ केली, म्हणजे मूळच गेलं. ताप नाही, चेहऱ्यावर सूज नाही, तब्येत धडधाकट. मग गोळी कोणासाठी, तुमच्यासाठी की मला रात्री शांत झोप लागावी म्हणून?

हे शेवटचं वाक्य मला फार आवडलं कारण ते खरंय. माझा एक मावसभाऊ डेंटिस्ट आहे, कोल्हापूरकडे, त्याला फोनवर विचारलं तर तो हसला. म्हणाला ताई, आमच्यात याला 'कव्हर' म्हणतात. कव्हर कोणाला, पेशंटला का डॉक्टरला, ते विचारायचं नाही. पेशंट लांबून एसटीने आलेला असतो, परत येईल याची खात्री नाही, घरी जाऊन गुळण्या करेल का तंबाखू लावेल ते माहीत नाही, आणि चुकून सूज आली तर म्हणणार गोळ्याच दिल्या नव्हत्या, आणि गावात बोभाटा. लिहून दिली की कोणी काही म्हणत नाही. जुलाब झाले तर पेशंट म्हणतो गोळ्या गरम पडल्या, डॉक्टरचं नाव जात नाही. बरोबर आहे त्याचं. आपण पेशंट लोकंही कमी नाही, मोठा कागद म्हणजे मोठा डॉक्टर. माझ्या सासूबाईंचा पहिला प्रश्न आठवा.

पण मला एकतर्फी लिहायचं नाहीये म्हणून मी थोडं वाचलं पण. कॉक्रेन म्हणून संस्था आहे, जगभरातले अभ्यास गोळा करून एकत्र निष्कर्ष काढते, त्यांचा याच विषयावर २०२१ चा अहवाल आहे. २३ अभ्यास, तीन हजारांहून जास्त पेशंट. त्यात असं निघालंय की अँटिबायोटिकने दात काढल्यावरचं इन्फेक्शन कमी होतं, अगदी होत नाही असं नाही. पण हिशोब असा, साधारण १९ धडधाकट लोकांना दिलं तर त्यातल्या एकाचं इन्फेक्शन टळतं. उरलेल्या अठरांनी उगाच खाल्लं. ड्राय सॉकेटसाठी हाच आकडा ४६ च्या आसपास. आणि हे सगळे अभ्यास मुख्यतः हाडात अडकलेल्या अक्कलदाढांचे, जिथे हिरडी कापावी लागते, हाड कोरावं लागतं. माझ्यासारख्या सरळ निघालेल्या दाढेचे नव्हेत. मॅडमना पुढच्या व्हिजिटला हे विचारलं तर म्हणाल्या बरोबर, आडवी अक्कलदाढ असेल, हाड कापलं असेल, पेशंटला शुगर असेल आणि ती हाताबाहेर असेल तर मी विचार करते आणि देतेही, नियम म्हणून देत नाही आणि नियम म्हणून नाकारतही नाही. मला हे उत्तर पटलं. 'अँटिबायोटिक म्हणजे विष' टाइप लोकांचाही मला कंटाळाच आहे.

मेडिकलमध्ये तर मजाच झाली. आमच्या कोपऱ्यावरचे काका, वीस वर्षांची ओळख. कागद बघितला, माझ्याकडे बघितलं, म्हणाले, "दात काढलाय ना? अँटिबायोटिक लिहायचं राहिलंय बहुतेक. देऊ का सिक्स ट्वेन्टी फाइव्ह? पाच दिवसाच्या देतो." हात वर गेलेला सुद्धा. मी हातानेच नको म्हटलं. तर म्हणे, "बरं मग तीन गोळ्यांचा तो कोर्स देऊ, तीनच दिवस, झेपेल तुम्हाला." म्हणजे एक नाही तर दुसरं, भाजीवाला मेथी नाही म्हटल्यावर शेपू पुढे करतो तसं. त्यांच्या हातातल्या पाकिटावर ती उभी लाल रेघ स्वच्छ दिसत होती. ती रेघ म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका, २०१६ मध्ये सरकारने त्याची मोहीम पण काढली होती. काहींच्या भोवती तर लाल चौकटच असते, ती शेड्यूल एच-वन वाली (जास्त कडक नियम असलेल्या औषधांची सरकारी यादी), २०१४ पासून त्यांची नोंद मेडिकलवाल्याने वेगळ्या वहीत ठेवायची असते, कोणी लिहिलं, कोणी नेलं, किती नेलं. आणि जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालकांनी डॉक्टरांना पत्रच लिहिलं की अँटिबायोटिक लिहाल तर कारण पण लिहा चिठ्ठीवर. कशासाठी, तेच मॅडमनी मला विचारलं ते. काकांचा राग नाही मला, चांगले आहेत, उधार पण देतात. पण हे असंच चालतं.

आणि आपल्या घरात काय चालतं ते पण सांगते, लाज वाटते पण सांगते. आमच्याकडे स्वयंपाकघरात एक जुना बिस्किटाचा पत्र्याचा डबा आहे, औषधांचा. त्या संध्याकाळी पेनकिलर ठेवायला उघडला तर त्यात अर्ध्या अर्ध्या स्ट्रिप्स, २०१९ च्या त्या पांढऱ्या गोळ्या चार उरलेल्या, मुलाच्या खोकल्याच्या वेळच्या दोन, नवऱ्याच्या लघवीच्या इन्फेक्शनच्या वेळच्या तीन. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींची दाढ मागे दुखत होती तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "ताई, ती मोठी पांढरी गोळी असेल तर द्या ना एखादी." आणि मी दिली होती. दोन दिल्या होत्या. त्यांचं दुखणं दोन दिवस दबलं, किडलेली दाढ तशीच, पुढच्या महिन्यात गाल सुजून आल्या आणि चार दिवस कामावर नाही, म्हणजे चार दिवसांचे पैसे पण... असो. त्यांना मीच नंतर दवाखान्यात घेऊन गेले. तो डबा मी रिकामा केलाय आता.

आता माझे दिवस सांगते कारण ज्यांची दाढ निघणार आहे त्यांना त्याचीच काळजी असते. पहिला दिवस, तासभर बोळा दाबून, बाहेरून बर्फ फडक्यात गुंडाळून, थंड दहीभात दुसऱ्या बाजूने, थुंकायचं नाही, स्ट्रॉ नाही, कारण त्या ओढीने गुठळी निघून येते. (मला हे २०१९ ला कोणीच सांगितलं नव्हतं आणि मी त्याच संध्याकाळी स्ट्रॉने मस्तानी प्यायले होते. आता काय बोलणार.) रात्री भूल उतरली तेव्हा ठणकलं, दोन्ही गोळ्या घेतल्या, तासाभरात झोपले. दुसरा दिवस बरा. तिसऱ्या दिवशी सकाळी आरशात बघितलं तर गाल दुसऱ्या दिवसापेक्षा जास्त सुजलेला आणि खड्ड्यात पांढरं-पिवळं काहीतरी. झालं. पू. मी म्हटलं हेच ते, अँटिबायोटिक नाही घेतलं ना, भोगा आता. सासूबाई काही बोलल्या नाहीत पण त्यांनी देवघरात समई लावली, ती सहसा दुपारी लावत नाहीत.

मोबाइलचा टॉर्च लावून मुलीला फोटो काढायला लावला आणि क्लिनिकच्या व्हॉट्सअ‍ॅपला टाकला. पंधरा मिनिटांत मॅडमचा स्वतःचा फोन. ताप आहे का? नाही. तोंड उघडतंय का, दोन बोटं मावतात का? हो. दुखणं काल होतं त्यापेक्षा वाढलंय की कमी? विचार केला तर कमीच. वास? नाही. म्हणाल्या, हा पू नाही, ही खपली आहे, गुडघा फुटल्यावर वर काळी खपली धरते ना, तोंडात कायम ओलं असतं म्हणून ती पांढरी दिसते, काडी घालू नका, कापसाने पुसू नका, आणि सूज दोन-तीन दिवसांपर्यंत वाढतेच, उद्यापासून उतरेल. उतरली. सातव्या दिवशी मी भाकरी खाल्ली.

आता विचार करा, याच फोटोवर दुसरीकडे काय झालं असतं. "स्ट्राँग देतो." आणि चौथ्या दिवशी सूज उतरल्यावर मी छाती ठोकून सगळ्यांना सांगितलं असतं की त्या गोळीनेच उतरली. अशीच तर या गोळ्यांची कीर्ती झालीये. ती पंधरा मिनिटांत आलेली फोनची रिंग, त्याला मी चार स्टार देते. बाकी अर्धा दाढेला.

आता सासऱ्यांचं. बाबा पंचाहत्तरचे, आणि त्यांची आख्खी नोकरी पिंपरीच्या एचएमध्ये झालेली. बाहेरच्या लोकांना सांगते, एचए म्हणजे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, १९५४ साली सरकारने काढलेली कंपनी, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने, देशात पेनिसिलिन सरकारी कारखान्यात बनायला लागलं ते इथे, आमच्या पिंपरीत. पुणे-मुंबई रस्त्याला अजून त्या नावाची कॉलनी आहे. बुरशीच्या इन्फेक्शनवरचं एक औषध इथल्याच प्रयोगशाळेत शोधलं, त्याचं नाव पण हमायसिन, कंपनीच्या नावावरून. बाबांच्या लेखी पेनिसिलिन म्हणजे औषध आणि बाकी सगळा पाचोळा. माझ्या कागदावर अँटिबायोटिक नाही हे कळल्यावर ते दोन दिवस माझ्याकडे दयेने बघत होते.

त्यांचा समोरचा वरचा दात हलायला लागला, जेवताना टोचायचा. बाबांच्या हृदयाची एक झडप २०११ मध्ये बदललीय, धातूची आहे, आणि रक्त पातळ करायची गोळी कायमची. दुसरा मजला त्यांनी तीन वेळा थांबून चढला. मॅडमनी तेच प्रश्न विचारले, झडपेचं ऐकलं आणि पेन खालीच ठेवलं. आज दात नाही काढायचा. आधी आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय त्याची टेस्ट, करून आणा, ताजा रिपोर्ट पाहिजे, मागच्या महिन्याचा नको, गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही (बाबांच्या मित्राने तसा सल्ला दिलेला), आणि हार्टच्या डॉक्टरांचा नंबर द्या. आमच्यासमोर फोन लावला त्यांना.

पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे का, असं विचारल्यावर बाबा म्हणाले, "मॅडम, चौतीस वर्षं पेनिसिलिनमध्येच उभा होतो मी." मॅडम म्हणाल्या उभं राहणं वेगळं, खाल्लंय का कधी? खाल्लं होतं, काही झालं नव्हतं.

आणि मग त्यांना अँटिबायोटिक दिलं! अमॉक्सिसिलिन ५०० च्या चार कॅप्सूल, एकदम, दात काढायच्या तासभर आधी. एकदाच. मी म्हटलं मला नाही आणि यांना दोन ग्रॅम? तर कारण असं की दात काढताना तोंडातले जंतू थोडा वेळ रक्तात जातात, तुमच्या-माझ्या शरीराला त्याचं काही नसतं, पण कृत्रिम झडपेवर ते जाऊन बसले तर हृदयाच्या आतल्या अस्तराला इन्फेक्शन होतं आणि ते जिवावरचं दुखणं असतं. म्हणून अशा थोड्याच लोकांना, कृत्रिम झडपवाले, आधी असं इन्फेक्शन होऊन गेलेले, हृदयाचे ठरावीक जन्मजात दोष असलेले, यांना आधी एक डोस. नंतर पाच दिवस नाही. आणि मेट्रोनिडाझोल तर बाबांना उगाच चिकटवलं असतं तर त्या रक्त पातळ करायच्या गोळीचा असर वाढून रक्तस्राव होऊ शकला असता, हे पण त्यांनी सांगितलं. मला एकदम २०१९ ची ती खाकी पिशवी आठवली. तीच पिशवी कोणीतरी बाबांच्या हातात दिली असती तर?

बाबा कॅप्सूल हातात घेऊन बराच वेळ बघत बसले होते. चार. "एवढंच?" ते पण म्हणाले. घरातलं बोधवाक्यच आहे ते. मग पाण्याच्या चार घोटांत चार गिळल्या, घड्याळात बघितलं, आणि तासभर त्या आवाज बंद टीव्हीसमोर बसले. दात काढून दोन टाके, रक्त थांबायचं औषध लावलेला गॉज, पुढचे दोन तास क्लिनिकमध्येच बसवून ठेवलं आणि दर वीस मिनिटांनी येऊन बघितलं. संध्याकाळी परत फोन.

दर लिहिते कारण सगळे तेच विचारतात. माझी दाढ पंधराशे, एक्स-रे अडीचशे, बाबांचे बाराशे टाक्यांसकट. तीनशे तपासणीचे घेतले ते फक्त पहिल्या वेळी. त्या रिकाम्या जागी आता इम्प्लांट की ब्रिज त्यावर अजून निर्णय नाही, त्यांनी घाई पण केली नाही, हा एक प्लस.

मायनस. एक, लिफ्ट नाही. ज्या क्लिनिकमध्ये निम्मे पेशंट साठीच्या पुढचे आहेत तिथे दुसरा मजला म्हणजे अवघड आहे, खाली झेरॉक्सवाल्याकडे निदान एक खुर्ची तरी ठेवा. अर्धा स्टार त्याचा कापला. दोन, अपॉइंटमेंटची वेळ ही नुसती कल्पना आहे, पाऊण तास धरूनच जा. तीन, रिसेप्शनवरची मुलगी फोनवर तुटक बोलते, समोर गेल्यावर मात्र पाणी वगैरे विचारते, त्यामुळे तिला काय मार्क द्यायचे कळत नाही. पार्किंग नाही, दुचाकी समोरच्या बँकेपुढे लावतात सगळे, रखवालदार ओरडतो.

सासूबाईंची पण वरची एक दाढ गेले काही दिवस दुखतेय. शुगर आहे त्यांना, तीन महिन्यांची सरासरी काढायला टाकलीय, परवा रिपोर्ट येईल. क्लिनिकला जायच्या आधीच मला बजावून ठेवलंय त्यांनी, "मला नाही दिलं तर मी स्वतः विचारणारे हं, कशासाठी नाही म्हणून." विचारा म्हटलं.

सोमवार ते शनिवार, सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी साडेपाच ते नऊ. गुरुवारी सकाळी जाऊ नका, लाइट नसते.